रखमाची पाच पिल्लं आणि बाकी खुशाली

मायसन, जर्मनी
रविवार, 18 मे 2025

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार. आजीला नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार, चिनूला गोड पापा.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण चिनू पत्र वाचायला लागला की आजी मध्येच "बरी हाय का पोरगी?" विचारणार. बरी आहे गं आजी. वजन दीड किलोनं वाढलंय, केस गळायचे थांबलेत.

दर रविवारी फोन होतो, मग पत्र कशाला, असं दादा म्हणेल. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता, आजीला काही ऐकू येत नाही, आणि मागच्या रविवारी माझ्या तोंडून ससे एवढंच निघालं तर पुढची पंधरा मिनिटं माझी नुसती हजेरी घेतलीत. म्हणून म्हटलं लिहूनच कळवावं. लिहिलेलं मध्ये तोडता येत नाही.

आधी अण्णांचं. "इंजिनिअर केली ती ससे राखायला का?" अण्णा, नोकरी सुरू आहे. ड्रेस्डेनच्या चिपच्या कारखान्यातच आहे, पाळ्याही त्याच, बारा-बारा तासांच्या. चार दिवस काम, चार दिवस सुट्टी. सशांचं सगळं त्या सुट्टीत आणि पहाटे. कामावर धुळीचा कण चालत नाही, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालतो, त्याला इंग्रजीत 'बनी सूट' म्हणतात, म्हणजे सशाचा पोशाख. तेव्हा ससे काय आत्ताच आलेले नाहीत माझ्या नशिबात.

ससे माझे नव्हतेच मुळी. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचे. डिसेंबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, वाकायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं. बाहेर उणे आठ, पिंजऱ्यातल्या पाण्याच्या वाट्या गोठलेल्या. मी म्हटलं, दोन आठवडे मी बघते. त्याचे पाच महिने झाले. त्यांची मुलगी हॅम्बुर्गला असते, नाताळला येते. मी यावर काही बोलत नाही.

हे ससे साधे नाहीत. मायसनचा लोंबकान्या ससा, याच गावातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या माणसांनी फ्रान्सचा लोंबत्या कानांचा ससा आणि रुपेरी ससा यांचा संकर करून ही जात उभी केली. साडेचार-पाच किलोचं जनावर, कान नालासारखे दोन्ही गालांवर लोंबणारे, आणि अंगभर चांदी. म्हणजे काळ्या पाटीवर खडूची भुकटी उडावी तशी. गंमत म्हणजे पिल्लू जन्मतं ते निव्वळ काळं आणि कानही आखूड. कान पुढे हळूहळू खाली येतात, आणि चांदी पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून उगवायला लागते. तोवर कुठलं पिल्लू चांगलं निघणार हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आता ही जात फार थोड्या घरांत उरलीय. जुन्या पाळीव जनावरांसाठी इथे 1981 पासून एक संस्था आहे, तिच्या लाल यादीत हा ससा सगळ्यात धोक्यातल्या गटात आहे.

अण्णा, हे मी तुम्हालाच सांगतेय. खरसुंडीच्या यात्रेतून आल्यावर तुम्ही म्हणायचात ना, पूर्वी नजर पोचेल तिथवर खिलार दिसायचं, आता मोजून घ्या. ट्रॅक्टर आल्यावर बैल कोण ठेवणार? इथेही तसंच. सरकार समाजवादी होतं तेव्हा घरोघर ससे होते, कारण सरकार मांस आणि कातडं चढ्या भावानं विकत घ्यायचं. आजोबा हसत सांगतात, सकाळी सरकारला ससा विकायचा आणि संध्याकाळी तोच सरकारी दुकानातून निम्म्या किमतीत परत आणायचा. 1990 ला ते सरकार गेलं, भाव गेला, पिंजरे लोकांनी जळणाला घातले. आजोबांनी ठेवले. 2002 च्या ऑगस्टमध्ये एल्ब नदी ड्रेस्डेनला 9.40 मीटरवर गेली, तेव्हा त्यांनी सगळे ससे पोत्यांत घालून माडीवर नेले. ती माडी म्हणजे माझी खोली. कपाटामागच्या लाकडाला अजून कुरतडल्याच्या खुणा आहेत. हे ऐकलं तेव्हा मला 2019 च्या पुरातलं आपलं आठवलं, दादा आणि तुम्ही म्हशी हायवेवर नेऊन बांधल्या होत्या ते. मी तेव्हा पुण्याला हॉस्टेलच्या टीव्हीवर बघत होते.

आता इथली एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला खोटी वाटेल. या देशात माणूस एकट्यानं काही करतच नाही. मंडळ काढतो. गाण्याचं मंडळ, कबुतरांचं मंडळ, भिंतीवरच्या पत्र्याच्या पाट्या जमवणाऱ्यांचं मंडळ. नोंदणीला सात माणसं लागतात, तेवढी झाली की झालं. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखं समजू नका, तिथे वर्गणी कुठे गेली हे विचारलं की भांडण होतं. इथे सशांच्या मंडळात अकरा माणसं आहेत, त्यांतली नऊ सत्तरीच्या पुढची, आणि तरी अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, खजिनदाराला तपासणारे दोघं वेगळे आहेत, वंशावळीची वही सांभाळणारा आहे आणि कान गोंदणारा आहे. हो, कान गोंदणारा. तुम्ही पाळलेला ससा असला तरी तुम्ही गोंदायचा नाही, मंडळाच्या माणसानंच गोंदायचा. उजव्या कानात मंडळाची खूण, डाव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा आणि अनुक्रम. म्हणजे एप्रिल 2025 ला जन्मलेला तिसरा ससा 4-5-3. एवढ्या आकड्यावर त्याची आई, बाप, आज्जा, पणजा सगळे वहीत सापडतात. आपल्याकडे स्थळ बघताना एवढं बघत नाहीत. मार्चच्या सभेत चाळीस मिनिटं चर्चा काय, तर कॉफीचं नवं यंत्र घ्यावं का जुनं दुरुस्त करावं. ठराव मांडला, अनुमोदन झालं, हात वर करून मतं मोजली, इतिवृत्तात लिहिलं. दुरुस्त करायचं ठरलं. मी हसले तर कुणीच हसलं नाही.

भेटल्यावर एकमेकांना ते "गूट त्सुख्त" म्हणतात, म्हणजे पैदास चांगली होवो. निघतानाही तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानाला एकदम रामकृष्णहरी वाटलं, खरंच. आणि मला ते पैदाशीचा मित्र असा शब्द आहे त्यानं हाक मारतात. ही एकच बाई, तीही सावळी, तीही तिशीच्या आतली. पहिल्या दिवशी सगळे गप्प झाले होते. आता माझ्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळा ठेवतात.

आता पिल्लांचं. मार्चमध्ये मी आगगाडीनं थुरिंगियाला जाऊन एक नर आणला, मांजराच्या पेटीत घालून. आजोबांचे सगळे एकमेकांच्या नात्यातले झाले होते, बाहेरचं रक्त लागतच होतं. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्या घरात सोडायचं नाही, नाहीतर ती त्याला फाडते. मादीचं नाव मी रखमा ठेवलंय. आजोबांना ते नीट म्हणता येत नाही, राख्मा म्हणतात. नराला नाव दिलेलं नाही, अण्णा, भिऊ नका.

एकतीस दिवस लागतात. अठ्ठाविसाव्या दिवशी लाकडी पेटी आणि गवत ठेवलं, तर तिनं पोटावरचे स्वतःचे केस ओढून ओढून गादी केली. पण पहिलटकरीण. 5 एप्रिलला पहाटे तीनला मी पाळीवरून आले तर सात पिल्लं, त्यांतली चार पेटीबाहेर थंडीत. सशाचं पिल्लू म्हणजे तुमच्या उसात सापडतं तसं नाही. ते आपलं रानातलं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. हे उघडं, आंधळं, अंगठ्याएवढं. दोन गेली होती. दोन गारठून दगड झाली होती. मला वाटलं तीही गेली. आजोबा खिडकीतून ओरडले, ऊब दिल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही! मी ती दोन्ही ब्लाऊजमध्ये छातीशी धरून स्वयंपाकघरात बसले. वीस मिनिटांनी एकानं पाय हलवला. मी एकटीच मोठ्यानं रडले, आजोबांनी खालून काठी आपटली, त्यांना वाटलं मेलं. पाच वाचली.

आई, तू विचारलंस, ही कसली आई, दिवसातून एकदाच पाजते आणि निघून जाते? मलाही पहिले चार दिवस असंच वाटलं, रात्रीची उठून पोटं चाचपायचे. पण ती मुद्दाम जात नाही. जवळ बसून राहिली तर तिच्या वासावर कोल्हा येतो. म्हणून लांब राहते, येते ती तीन-चार मिनिटंच, पण दूध एवढं दाट असतं की पोट ढोलकीसारखं तट्ट होतं. लांब बसली तरी कान पेटीकडेच असतात. बारा दिवसांनी डोळे उघडले. आता ती उड्या मारतात, आणि कालच एकाच्या पाठीवर पहिली चांदी दिसली. येत्या आठवड्यात कान गोंदायचे.

हातावरच्या ओरखड्यांचं तू फोटोत पाहिलंस ते काही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. सशांनाही दरवर्षी लस देतात. वास येत नाही. केसांनी दमा होत नाही, निदान मला तरी नाही.

अण्णांनी विचारलं नाही, पण गळ्यात माळ असलेल्या माणसाच्या मनात काय आलं असणार हे मला कळतं. मी मारत नाही. एवढंच लिहिते. पाचांतली दोन-तीनच पुढच्या पैदाशीला ठेवतात, कान नीट पडले नाहीत, चांदी डागाडागानं आली, की ती वहीतून बाद. बाद झालेली कुठे जातात ते आजोबा बघतात आणि त्या दिवशी मी कामावर असते. आषाढी धरते आहे, नेहमीसारखी.

दादा, किलोला काय भाव म्हणून तू विचारलंस. भाव नाही. दोन पिल्लं विकली तर खाद्याचं एक पोतं निघतं. यात पैसा नाही हे तुला हसायला पुरे आहे, पण मग बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग देताना अण्णांनी कधी हिशोब केला होता?

ती जोडी माझ्या पहिल्या वर्षाच्या फीला गेली हे मला वहिनीनं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणाला होतात म्हातारी झाली म्हणून दिली. असो.

पैशाचं. या महिन्यात वीस हजार कमी आलेत ते बँकेनं कापले नाहीत, मी सहा कप्प्यांचा नवा पिंजरा घेतला. जुना कुजला होता. पुढच्या महिन्यात भरून काढते. शैक्षणिक कर्जाचे आता फक्त चौदा हप्ते उरलेत. ठिबकचं यंदाच करून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. आणि अण्णा, मोतीबिंदूचं पालखी बघून आलात की लगेच. पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्यांत ससे नाहीत.

इस्लामपूरच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला असेल. पण तो म्हणाला, लग्नानंतर पुण्यालाच राहायचं, आणि मी कारखान्याशी अजून दोन वर्षांचा करार केलाय. एप्रिलमध्येच सही केली. फोनवर सांगणार होते, तेव्हा आत्याच्या गुडघ्याचं निघालं. कुणी भेटलेलं नाही, आई, उगाच देवाला काही बोलू नकोस. अकरा म्हाताऱ्यांशिवाय माझी इथे कुणाशी ओळख नाही.

दिवाळीलाही येणं दिसत नाही. नोव्हेंबरात इथे प्रदर्शन आहे, शंभरपैकी गुण देतात, आणि आजोबांना उभं राहता येत नाही. त्यांनी वही माझ्या नावावर करायची म्हटलंय. फेब्रुवारीत येते, पंधरा दिवस. तिकिटाचं बघितलंय, नुसतं बोलत नाहीये.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
बेबी

ता. क. आजीसाठी, चिनू, हे मोठ्यानं वाच: आजी, 5 एप्रिलच्या रात्री पेटीवर घालायला घरात ऊबदार असं काही सापडलं नाही, तेव्हा तुझ्या गोधडीचा एक कोपरा कापला. हिरव्या लुगड्याकडचा. बाकी गोधडी शाबूत आहे. रागावू नकोस. तसलंच हिरवं एखादं फडकं असेल तर दादाच्या पार्सलात मेतकुटाबरोबर टाक, मी जोडून घेईन.