अर्धवट घडीचा सदरा

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान सांगून डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञांचे नाव लिहून दिले, तेव्हा "म्हणजे मी सोंग करते का?" असे तुला वाटले, सहा वर्षांपूर्वी मीही असाच चिडून घरी आलो होतो. तुझे दुखणे खरेच आहे. या आजारात मज्जासंस्थाच वेदनेचे संदेश वाढवून पोचवते, म्हणून रक्ताच्या तपासण्यांत काही सापडत नाही. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेच्या संदेशांना जणू एक दार असते आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते उघडझाप करतात. भीती, जागरण आणि ताण यांनी ते सताड उघडे राहते. मनाच्या उपचारांचा शिरकाव होतो तो इथे.

मला सर्वांत उपयोगी पडले ते कामाला घड्याळ लावणे. बरे वाटले की साचलेली सगळी कामे उपसायची आणि मग तीन दिवस अंथरूण धरायचे, हा माझा शिरस्ता होता. समुपदेशक बाईंनी सांगितले की वीस मिनिटांनी गजर झाला की थांबायचे, दुखत असो वा नसो. हातातला सदरा अर्धवट घडीतच ठेवून उठताना मला, कामाचा पसारा न सोसणाऱ्या माणसाला, अक्षरशः अपमान वाटे. पण दोन महिन्यांत ते आडवे पडण्याचे दिवस विरळ झाले.

दुसरे म्हणजे वही. "हे आता कधीच थांबणार नाही" असे मनात आले की तारीख घालून लिहायचे. पुढच्या वेळी मागची पाने उलटली की तेच वाक्य चार वेळा सापडते, आणि त्यानंतर आलेले बरे दिवसही. बळेच आनंदी विचार करायला कुणी सांगत नाही, हे मला फार आवडले. ध्यान मात्र मला मानवले नाही. शरीराकडे लक्ष दिले की ठणका मोठाच वाटे.

वेदना गेली असे मी लिहिणार नाही, कारण ती गेलेली नाही. या उपचारांचा गुण येतो तो बेताचाच. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींतही ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे, तेव्हा चालणे सोडू नकोस आणि औषधे परस्पर बंद करू नकोस.

पहिल्या भेटीला जाताना तो सोंगाचा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनाच विचार. माझी जुनी वही सोबत पाठवत आहे. अक्षर लागले नाही तर फोन कर.

तुझा,
माधव