इब्न लहीआच्या जळालेल्या वह्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

एकाच रावीला, म्हणजे हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) पुढे सांगणाऱ्याला, काही जाणकार विश्वसनीय आणि काही जाणकार जईफ, म्हणजे दुर्बल, कसे ठरवतात, असे तू विचारले आहेस. याचे उत्तर मला मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, अब्दुल्लाह इब्न लहीआ यांच्या चरित्रात सापडते. खलीफा मन्सूरने हिजरी १५५ मध्ये त्यांना दरमहा ३० दीनार वेतनावर काझी नेमले. हदीस जमवण्याची त्यांना एवढी ओढ होती, की गळ्यात पिशवी अडकवून ते परगावाहून आलेल्यांना गाठत आणि कोणाकडून काय ऐकलेस, ते विचारीत. ‘मिसरमध्ये इब्न लहीआसारखा कोण होता?’ असे हदीसचे मोठे पारखी अहमद इब्न हंबल यांनी म्हटल्याचे नोंदवले आहे. उलट तशाच तोलाचे पारखी याह्या इब्न मईन यांनी त्यांना दुर्बल ठरवले.

हिजरी १७० च्या सुमारास त्यांचे घर जळाले, वह्या गेल्या आणि पुढे ते स्मरणावरून सांगताना चुकू लागले, असे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. मिसरचेच विद्वान लैस इब्न साद यांनी तेव्हा त्यांना १००० दीनार पाठवले, असेही सांगतात. आगीचे हे कारण मला जरा सोयीचे वाटते, कारण वह्या जळाल्याच नाहीत असे म्हणणारेही त्या काळी होते. मला अधिक बोलकी वाटते ती याह्या इब्न हस्सान यांची आठवण. काही लोकांच्या हाती इब्न लहीआंच्या नावावरची एक वही होती आणि तिच्यात त्यांची एकही हदीस नव्हती. याह्यांनी जाऊन जाब विचारला, तेव्हा इब्न लहीआ म्हणाले, की मी काय करू, लोक वही आणतात, ही तुमचीच म्हणतात आणि मी ती सांगतो! खोटेपणा यात नाही. आहे तो भिडस्तपणा, आणि रावीच्या बाबतीत तोही तितकाच महागात पडतो.

म्हणूनच अनेक जाणकारांनी सरसकट निकाल न देता त्यांच्याकडून ऐकणारा कोण, हे पाहिले. अब्दुल्लाह इब्न मुबारक, अब्दुल्लाह इब्न वहब आणि अब्दुल्लाह मुक्री यांनी त्यांच्याकडून जुन्या काळी, मूळ वह्यांवरून घेतले, म्हणून या तिघांमार्फत आलेली रिवायत, म्हणजे त्यांचे कथन, ते जाणकार अधिक भरवशाची मानतात. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहाचे कर्ते मुस्लिम यांनीही त्यांना एकट्याने नव्हे, तर दुसऱ्या रावीच्या जोडीनेच स्थान दिले.

तू उतरवून पाठवलेल्या सनदेत, म्हणजे रावींच्या साखळीत, इब्न लहीआंच्या अलीकडचे, म्हणजे त्यांच्याकडून ऐकणाऱ्याचे, नाव सुटले आहे. तेवढे पाहून उलट टपाली कळव.

तुझा,
जुना सहाध्यायी