‘आय-सेव्हन, १६ जीबी’ एवढ्यावर पैसे मोजू नका

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यातल्या अनेक घरांत एक वाद रंगतो. गेमिंगचा कॉम्प्युटर तयार घ्यायचा की पार्ट आणून असेंबल करायचा? मुलगा असेंबलच्या बाजूचा, तर वडील म्हणतात, ‘कंपनीचा घे, कटकट नको.’ दोघांचेही मुद्दे खरे असतात आणि दोघेही फसतात ते एकाच जागी. डब्याच्या आत नेमके काय आहे हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसते.

छोट्या जाहिरातींत आणि दुकानाबाहेरच्या फलकांवर ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ एवढाच मजकूर असतो. यातला एकही शब्द खोटा नसतो, हीच मेख आहे. आय-सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११ सालचा, ३७७० हा २०१२ सालचा. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला हा प्रोसेसर, अनोळखी नावाचा, त्याच काळातला एच-६१ मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडले जातात तो मुख्य बोर्ड) आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लावलेले तीन पंखे, की झाला ‘गेमिंग पीसी’. २०२२ मध्ये आलेला साधा आय-थ्री १२१०० या आय-सेव्हनला आरामात मागे टाकतो. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणून लावलेले कार्ड पुष्कळदा जीटी ७३० असते, म्हणजे २०१४ चे. त्या कार्डाला चार जीबी मेमरी जोडणे म्हणजे लुनाला ट्रकची टाकी बसवणे.

नुकसान फक्त वेगाचे नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ते साधारण इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडी कंपनीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे. मुलांचा आवडता, फुकट मिळणारा ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (मशिन सुरू होताना फक्त अधिकृत सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय उघडतच नाही. जुन्या आय-सेव्हनच्या डब्यात टीपीएम २.० नसते. दुकानदाराने आडमार्गाने विंडोज ११ टाकून दिले तरी गेम दारातूनच परत पाठवतो.

म्हणून ‘तयार की असेंबल’ हे ठरवण्याआधी पार्टची यादी हातात घ्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क), ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट या सात ओळींत प्रत्येकापुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल क्रमांक हवा. ‘पूर्ण’ यासाठी की एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. आरटीएक्स ३०५० हेच कार्ड पाहा. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर (चित्राचे हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आहे, ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. फरक केवळ दोन जीबीचा नाही, कार्डच हलके आहे. तरीही ६ जीबीवाले वाईट म्हणता येणार नाही. ते ७० वॅटमध्ये भागते आणि बहुतेक मॉडेलांना एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे जुन्या मशिनला ते उपयोगी पडते. फक्त पैसे आठचे देऊन सहाचे घरी आणू नये.

प्रोसेसरचेही तसेच. रायझन फाइव्ह ५६०० आणि ५६००जी यांच्यात एका अक्षराचा फरक दिसतो. ‘जी’मध्ये ग्राफिक्स आतच असते, त्यामुळे कार्डाशिवाय सुरुवात करता येते. पण त्याची एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० ची ३२. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्ड जोडण्याचा मार्ग, ‘जी’ला ३.० या जुन्या आवृत्तीपर्यंतच मिळतो. कार्ड आजच घेणार असाल तर ‘जी’ नको. कार्ड वर्षभराने घेणार असाल तर ‘जी’ घ्या, मात्र रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावा. एकच पट्टी लावली की मेमरीची बँडविड्थ निम्मी होते आणि आतले ग्राफिक्स त्याच मेमरीवर जगत असल्याने सगळा खेळ मंदावतो. इंटेलच्या आकड्यामागे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स अजिबात नाही, कार्ड लागणारच.

आता एसएमपीएस. काटकसरीची कुऱ्हाड सगळ्यात आधी याच्यावर पडते आणि घोळही सगळ्यात जास्त इथेच होतात. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ५०० वॅट छापलेले असते. तो आकडा सोडा आणि बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. १८ असतील तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते याच १२ व्होल्टवर. आरएक्स ६६०० सारखे कार्ड १३२ वॅट घेते, ६५ वॅटचा म्हणवला जाणारा रायझन प्रोसेसर जोरात असताना पाऊणशेपर्यंत जातो, उरलेले पार्ट आणि पंखे चाळीस-पन्नास. बेरीज अडीचशेच्या घरात गेली. मग डेस्कटॉपवर दिवसभर नीट चालणारे मशिन ऐन गेममध्ये रीस्टार्ट होते. दोष विंडोजला दिला जातो, दोनदा फॉरमॅट होते, रॅम बदलून पाहिली जाते आणि एसएमपीएसकडे कोणी बघतही नाही. नावाजलेल्या कंपनीचा ५०० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस अशा मशिनला पुरतो. (८० प्लस हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचे नव्हे. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचे संरक्षण आहे का, ते वेगळे विचारावे लागते.) पावसाळ्यात लाईट लपंडाव खेळत असेल तर यूपीएसही वॅट पाहूनच घ्या, कारण ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो आणि मॉनिटरही त्यातच जगतो.

मूळ वादाकडे येतो. असेंबल केलेला नेहमी स्वस्त पडतो, हे कालपरवापर्यंतचे शहाणपण आता डोळे झाकून मानता येत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपांचा उपसा सुरू झाला, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. रॅमबरोबर एसएसडीही महागल्या. ज्यांनी जुन्या भावात माल भरून ठेवला होता त्यांचा तयार डबा सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा स्वस्तही निघू शकतो. त्यामुळे हिशेब त्या दिवशीच्या भावाने करावा. तयार मशिनच्या पार्टची यादी घ्या, तेच पार्ट सुटे घेतल्यास किती पडतात ते तपकीर गल्लीच्या बाजारात किंवा ऑनलाइन दोन ठिकाणी विचारा, आणि तयार मशिनबरोबर अस्सल विंडोज असेल तर तिची किंमत बेरजेत धरा. तयार मशिन दहा टक्क्यांपर्यंत महाग असेल तर ते खुशाल घ्यावे. त्याहून महाग असेल, किंवा एसएमपीएस आणि मदरबोर्डचे नाव सांगायला दुकानदार का-कू करत असेल, तर असेंबल करावे.

असेंबल करणे अवघड नाही, दुरुस्ती अवघड आहे. घरात दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस नसेल तर बिघाड कुठल्या पार्टमध्ये आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून नवख्याने सगळे पार्ट एकाच दुकानातून घ्यावेत, वेबसाइटवर दोनशे रुपये वाचवायला पाच ठिकाणी फिरू नये. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड आणि एसएमपीएस जोडून एकदा चालू करून पाहावा. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना वाकल्या तर वॉरंटी मिळत नाही, तेव्हा प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर विसरली तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते. जुन्या साठ्यातल्या बी-४५० बोर्डला रायझन ५००० साठी बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम) अपडेट लागू शकतो, तो दुकानातच करून घ्यावा. एचडीएमआयची वायर मदरबोर्डला लावून ‘कार्ड चालत नाही’ म्हणणारे कमी नाहीत, ती कार्डालाच लावायची. शेवटी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते. विंडोजमध्ये मॉनिटर ६० वरून १४४ हर्ट्झवर न्यायलाही पुष्कळ जण विसरतात.

लातूर-सोलापूरकडून इथे येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना वर्षात दोनदा खोली बदलावी लागते. टेम्पोत टाकण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवावे. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे स्लॉट तोडायला समर्थ आहेत.

बिलाचे मात्र कडक राहा. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ हा प्रस्ताव पुण्यात कोणाला मोहात पाडणार नाही? पण वॉरंटी पार्टवार असते. प्रोसेसर, मदरबोर्ड, कार्ड यांची सहसा तीन वर्षे, तर तयार डब्याची बऱ्याचदा एकच. ‘कॉम्प्युटर, १ नग’ अशा एका ओळीच्या बिलावर तिसऱ्या वर्षी कोणी दाद देत नाही. जीएसटी बिलात प्रत्येक पार्टचा मॉडेल आणि सिरीयल क्रमांक हवा. कॅबिनेटवर सीलचे स्टिकर लावत असतील तर धूळ काढायला उघडल्यास वॉरंटी जाते का, तेही बिलावर लिहून घ्या. दुकानदाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मशिन ताब्यात घेण्याआधी दुकानातच सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड हे फुकट प्रोग्रॅम चालवून पडद्यावरची नावे बिलाशी ताडून पाहा आणि एखादा जड गेम अर्धा तास चालू ठेवा. अर्ध्या तासात रीस्टार्ट झाले तर एसएमपीएस बदलून घ्या. ‘नवीन आहे, सेट होईल’ हे उत्तर ऐकून घरी येऊ नका.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, शनिवार पेठ, पुणे