फाइलवाल्या काकांस, साष्टांग नमस्कार

परळ, मुंबई

आदरणीय काका,

तुमचे आभार तोंडी मानायला गेलं की तुम्ही विचारता, "ते राहू द्या, झेरॉक्स किती काढल्या?" म्हणून हे उघड पत्र. यात तुमचं नाव नाही, कारण तुम्हाला ते रुचणार नाही. आमच्या घरांच्या कहाण्याही नाहीत, त्या तुम्ही त्या बाकावर बसून पुरेशा ऐकल्यात. कॅन्सरच्या उपचाराचे कागद आणि पैसे कसे जमवायचे, हे तुम्ही जे शिकवलंत तेवढंच उतरवतो आहोत. उद्या सकाळी दादरला गाडीतून उतरून आईला किंवा वडिलांना टाटा मेमोरियलच्या रांगेत उभं करणाऱ्या कुणाच्या हाती हे पडलं, तर बरं.

तुमची सुरुवात नेहमी नावापासून. आधारवर 'सुमन', शिधापत्रिकेवर 'सुमनबाई' आणि घाईत केलेल्या केसपेपरवर स्पेलिंग तिसरंच. नोंदणीच्या दिवशी हे किरकोळ वाटतं. पण बायॉप्सीचा रिपोर्ट, खर्चाचं अंदाजपत्रक, ट्रस्टचा चेक हे सगळे केसपेपरवरचं नाव उचलतात, तर सरकारी योजना आधार आणि शिधापत्रिका बघते. दोन्ही जुळले नाहीत की मंजुरी अडते, आणि ती अडते नेमकी ॲडमिशनच्या तोंडावर. म्हणून केसपेपर हातात पडल्यावर आधी नाव वाचायचं, मग चहा प्यायचा. हा तुमचा नियम आता धर्मशाळेत (रुग्ण आणि नातेवाईक उतरतात तिथे) येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितला जातो.

मग पैशाचा क्रम. आपली माणसं उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी व्हॉट्सॲपवर आवाहन, मग दागिने, मग योजना. तुम्ही तो क्रम सुलटा केलात. पहिलं दार महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडल्यावर ती कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते, पण मंजुरी आधी आणि उपचार नंतर. खिशातून भरलेले पैसे ती मागाहून परत देत नाही. त्यामुळे आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल पहिल्या केमोच्या आधी गाठायचं. योजनेत आजार नव्हे, उपचाराचं पॅकेज मंजूर होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं एखादं औषध किंवा तपासणी पॅकेजबाहेर राहू शकते, आणि बाकीची दारं ठोठवायची ती तेवढ्या फरकासाठी.

दुसरं दार रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागाचं. तिथे लाजून निम्मं सांगणारे फार. घर स्वतःचं की भाड्याचं, कर्ज किती, कमावणारे किती, हे विचारतात ते चौकशी म्हणून नव्हे. कोणत्या ट्रस्टच्या अटीत हे कुटुंब बसेल ते त्यावरून ठरतं. तिसऱ्या फेरीत मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासासारखी देवस्थानं आणि मुंबईतले लहानमोठे ट्रस्ट. धर्मादाय नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयात उपचार चालू असतील तर हिशेब वेगळा: तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपये. हे मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. लोकांकडे हात पसरणं सगळ्यात शेवटी, कारण तोवर खरा खड्डा किती खोल आहे ते कळलेलं असतं.

आता तो कागद, ज्याच्यापायी तुम्ही आम्हाला चार-चार वेळा जिना चढायला लावलंत: खर्चाचं अंदाजपत्रक. लेटरहेड हवं. केस नंबर, आजार, उपचार कोणता आणि किती सायकल (म्हणजे फेऱ्या), एकूण खर्च अंकी आणि अक्षरी, डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख. यातलं एक जरी सुटलं तरी अर्ज न बोलता बाजूला पडतो. 'केमोथेरपी, अंदाजे ३ लाख' एवढंच लिहिलेल्या पत्रावर ट्रस्टचा माणूस काय ठरवणार? तेच '२१ दिवसांच्या ६ सायकल, दर सायकल ५० हजार' असं लिहिलं की एखादा ट्रस्ट म्हणतो, एक सायकल आमची. आणि शिक्क्याच्या मूळ प्रती एकदमच मागून घ्यायच्या. बऱ्याच ठिकाणी झेरॉक्स चालत नाही, आणि डॉक्टरांची ओपीडी रोज नसते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. मुख्यमंत्री निधीसाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं, शिवाय दाखला चालू आर्थिक वर्षाचा. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलमध्ये कागदाचा तुकडा होतो. उपचार मार्च ओलांडणार असतील तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा अर्ज टाकायचा. गावाकडचा रुग्ण असेल तर दाखला गावच्या तहसिलीतून येतो; त्यासाठी घरातल्या एकाने मागे राहिलेलं बरं. सगळेच मुंबईला आले की तलाठ्याकडे जाणार कोण?

"पैसा माणसाच्या नावावर नको, केस नंबरच्या नावावर हवा." हे तुमचं वाक्य आम्हाला सुरुवातीला खटकलं होतं, हे कबूल करून टाकतो. चेक रुग्णालयाच्या नावे आणि मागे केस नंबर, म्हणजे देणाऱ्याला खात्री राहते आणि घरात संशय शिरत नाही. चेक ३ महिनेच चालतो. रक्तातल्या पेशींचे काउंट कमी आले, सायकल पुढे गेली, म्हणून तो फाइलमध्ये पडून राहू द्यायचा नाही. मिळाला की जमा करायचा. मुलाच्या खात्यात परक्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर रक्कम आली तर प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहू शकतो. आणि देणाऱ्याला करसवलत हवी असेल तर ती व्यक्तीला दिलेल्या पैशावर नसते. नोंदणीकृत ट्रस्टची, प्राप्तिकराच्या ८०-जी कलमाखालची पावती लागते, रोख देणगी २,००० च्या वर असेल तर तीही उपयोगाची नाही, आणि नव्या करपद्धतीत ही सवलत नाहीच.

आवाहनाचा मजकूर तुम्ही लाल पेनाने कापायचात. 'माझ्या देवासारख्या बाबांना वाचवा' काढून तिथे आजार, उपचार, एकूण खर्च, मंजूर झालेली रक्कम, कमी पडणारी रक्कम आणि शेवटची तारीख. तारीख नसलेला निरोप दोन-दोन वर्षं फिरत राहतो. रुग्ण घरी गेल्यावरही पैसे येतात, किंवा तो दगावल्यावरही फोन येतात. आधार कार्डाचा फोटो टाकायचा नाही. क्यूआर कोड दुसऱ्याने बदलून पुढे ढकलू नये म्हणून सोबत खातेदाराचं नाव लिहायचं. ऑनलाइन निधी उभारणाऱ्या काही संकेतस्थळांवर देणगीबरोबर 'टीप' आपोआप जोडलेली असते, ती शून्य करता येते, हेही देणाऱ्यांना कळवायचं.

आणि फोटो. तुम्ही त्यावर एकच विचारायचात, "त्यांना विचारलंत का?" वडिलांना अजून आजाराचं नाव सांगितलेलं नसतं, आणि नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) घातलेला त्यांचा फोटो चाळीच्या ग्रुपवर फिरत असतो. शेजारचा कुणीतरी भेटायला येऊन "कॅन्सर झाला म्हणे" बोलून जातो. लेकाने जे तीन आठवडे पोटात ठेवलं ते लिफ्टमध्ये फुटतं. चेहरा न दाखवता आवाहन चालतं. अंदाजपत्रकाचा स्वच्छ फोटो, त्यावर पत्ता आणि फोन झाकलेला, तेवढा पुरे. देणारे हात तो कागदच बघतात, हा तुमचा अनुभव खरा निघाला.

लालबाग-परळच्या मंडळांनी भजनाचा कार्यक्रम ठेवला तेव्हा तुम्ही तीन अटी घातल्यात. हॉल, ध्वनिक्षेपक, चहा यांचा खर्च वेगळ्या माणसाने उचलायचा, जमलेल्या पैशांतून नव्हे. आरतीच्या ताटातली आणि पेटीतली रक्कम तिथेच दोघांनी मोजून, वहीत लिहून, सह्या करायच्या. आणि वर्गणी नोंदणीकृत मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या नावेच, कारण नोंदणी नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. दुसऱ्या दिवशी हिशेबाचा कागद सूचना फलकावर. बुवांना मानधन द्यायचं की नाही यावर मंडळात झालेला वाद मात्र तुम्ही शिताफीने टाळलात!

देवाधर्माबद्दल तुमची पद्धत डॉक्टरांनाही आवडावी अशी. उपास सोडा असं तुम्ही कुणाच्या आईला सांगितलं नाहीत. फक्त औषधाची चिठ्ठी मागितलीत. केमोच्या कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात, मग निरंकार चतुर्थी कशी जमणार? सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मूत्रपिंड सांभाळायला भरपूर पाणी पोटात जावं लागतं, त्या दिवसांत निर्जळी म्हणजे थेट इजा. तेव्हा उपास सुनेने धरायचा, आईने संध्याकाळी नुसतं ताट ओवाळायचं. संकल्पाची अशी वाटणी केली की म्हाताऱ्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरतं.

दर्शनाची तारीखही तुम्ही कॅलेंडरवर काढून द्यायचात. २१ दिवसांच्या सायकलमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात, म्हणजे संसर्ग पटकन होतो. या काळात मंगळवारी सिद्धिविनायकाची किंवा बुधवारी माहीम चर्चची गर्दी नको. तिसऱ्या आठवड्यात, पुढच्या केमोच्या आधी, सकाळी लवकर, मास्क लावून जायचं. पंचामृत आणि कापलेली फळं घरच्यांनी घ्यायची. रुग्णाच्या हातावर खडीसाखर. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप भरला तर अंगारा लावून सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच कॅज्युअल्टी. जाताना फाइल आणि शेवटचा सीबीसी (रक्तपेशींचा रिपोर्ट) बरोबर.

रेडिएशनला वडिलांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागते, आणि कितीतरी वारकऱ्यांचा पाय तिथेच अडतो. तुम्ही ती माळ त्यांच्याच हाताने काढवून सुती रुमालात गुंडाळून द्यायचात. मशीनवरून उतरल्यावर खिशात किंवा मनगटाला. मानेवर किरण चालू असताना त्या कातडीवर लाकडी मण्यांचं घर्षण नको, म्हणून तेवढे आठवडे गळा मोकळा. बुक्का कपाळाला चालेल, किरणांच्या जागी नाही. कातडीवर शाईच्या खुणा असतील तर त्या घासायच्या नाहीत, एकादशीची आंघोळ असली तरी. आणि ट्यूबवर असलेल्या माणसाला प्रसाद म्हणून मिक्सरमधून काढलेला शिरा द्यायचा नाही. रवा आणि तूप मिळून नळी तुंबते, मग ती बदलायला पुन्हा नाकातून सगळं सोसणं आलं. तीर्थाऐवजी उकळून गार केलेलं पाणी, त्यावर तुळशीचं पान क्षणभर टेकवून बाजूला, आणि सिरिंजने हळूहळू, पाठ उंच ठेवून. हे बघताना वडिलांचे हात आपोआप जुळतात.

प्रवासाचं थोडक्यात: लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, कागद जवळ हवा. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपर आणि थ्री-एसीला रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

तुमच्या वहीत मंजुऱ्यांचा जो तक्ता होता (ट्रस्ट, अर्जाची तारीख, मंजूर रक्कम, चेक जमा, आभाराचं पत्र पाठवलं का) त्याच्या कोऱ्या प्रती काढून ठेवल्या आहेत. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात असं तुम्ही कुरकुरत होतात. आमच्याकडून या आठवड्यात ११ पत्रं गेली, सोबत बिलांच्या झेरॉक्स आणि शिल्लक रकमेचा हिशेब.

तुमचा स्टेपलर धर्मशाळेच्या ऑफिसात दिला आहे. दहा नंबरच्या पिनांची नवी डबी बरोबर आहे.

आपली,
वेगवेगळ्या वॉर्डांतली मुलं, मुली, सुना आणि जावई