मोतीबिंदूची तारीख

सान होसे, कोस्टा रिका, मंगळवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवला आणि झोपच लागेना. आई, मोतीबिंदूची तारीख तू तिसऱ्यांदा पुढे ढकललीस आणि वर म्हणालीस, "यांना कुणावर टाकून जाऊ?" बाबा शेजारीच बसलेले असणार. त्यांचा नुसता खोकला ऐकू आला.

मी इथे न्यायालयाच्या ज्या मतावर अभ्यास करतेय ते नेमकं याच गोष्टीवर आहे, म्हणून लिहायला बसले. अमेरिका खंडातल्या देशांचं मानवी हक्क न्यायालय याच गावात आहे. २०२३ मध्ये अर्जेंटिनाने त्याला विचारलं, काळजी हा माणसाचा हक्क मानायचा का? ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मत जाहीर केलं: होय, आणि तोही स्वतंत्र हक्क. त्याचे तीन पदर सांगितलेत. दुसऱ्याची काळजी घेण्याचा, आपली काळजी घेतली जाण्याचा आणि स्वतःची काळजी घेण्याचा. हा भार एकट्या घरातल्या बाईचा नाही. घरातले पुरुष, समाज, सरकार सगळ्यांनी तो वाटून घ्यायचा. बाबा, तुम्ही म्हणाल, पोरगी आता घरातही कायदा शिकवायला लागली. खरंय, हे मत आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठांचा कायदा आहे. मुलं बघत नसतील तर आईबापांना त्यांच्याकडून पोटगी मागता येते. पण आंघोळ कोण घालतं, रात्री तीनदा कोण उठतं, हे त्यात कुठे मोजलेलं नाही.

आई, आजी अंथरुणाला खिळल्यावर तू शाळेतली नोकरी सोडलीस. नऊ वर्षं. "सासूचं किती केलंस हो" असं सगळे म्हणाले, आणि पेन्शनचा विषय निघाला की सगळे गप्प. बिनपगारी काळजी हेसुद्धा काम आहे आणि ते करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षा हवी, हे त्या मतात वाचलं तेव्हा तुझी ती हिरवी शबनम डोळ्यांपुढे आली, जी तू नंतर भाजीला वापरलीस. आपल्या सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २८९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. तुझी मिनिटं कुणी विचारायला आलं असतं तर तू त्यालाच आधी चहा दिला असतास.

बाबा, तुम्हाला वाटतं तुम्ही ओझं झालात. तसं नाही हो. काळजी घेतली जाणं हा तुमचाही हक्कच आहे. आणि आईच्या हातून आंघोळ चालते, दुसऱ्या कुणाची लाज वाटते, हे मला कळतं. पण तिच्या पाठीची पार वाट लागलीय.

दादाशी बोलले. आधी म्हणाला, "मला ते जमायचं नाही." मी म्हटलं, आईला तरी कुठे जमत होतं, तिने शिकून घेतलं. शेवटी आठ दिवस रजा टाकून यायला तयार झालाय. बाबांना उठवायचं कसं, ते फिजिओथेरपीवाल्या बाईंकडून आधी शिकून घेणार आहे. रात्रीही तोच उठेल. पाठोपाठ मी तीन आठवडे येते.

आई, उद्या दवाखान्यात फोन करून तारीख घे आणि मला कळव. तुमच्या सकाळी इथे आदल्या दिवशीची रात्र असते, तेव्हा खुशाल फोन कर, मी जागीच असते.

तुमची,
मनू