थायरॉइड म्हणजे स्पंज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉइडच्या कर्करोगावरील लेखांत ‘ही ग्रंथी स्पंजासारखी आयोडीन शोषून घेते’ हे वाक्य हमखास असते. ते सोपे असले तरी दिशाभूल करणारे आहे, कारण स्पंज पाण्याला नकार देत नाही. पेशी मात्र आयोडाइडला (आयोडीनच्या आयनरूपाला) नकार देऊ शकते आणि रुग्णाची खरी अडचण तिथेच सुरू होते.

पेशीच्या पटलावर सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर नावाचे वाहक प्रथिन असते. त्याचे जनुक १९९६ मध्ये संशोधिका नॅन्सी कॅरास्को यांच्या गटाने वेगळे केले. हे प्रथिन दोन सोडियम आयनांच्या जोडीने एक आयोडाइड आत घेते आणि त्यामुळे ग्रंथीत रक्ताच्या २० ते ४० पट आयोडाइड साठते. हे वाहक किती तयार व्हावेत आणि पटलावर किती काळ राहावेत, हे मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे टीएसएच हे संप्रेरक ठरवते. कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन देण्याआधी थायरॉक्सिनच्या (थायरॉइड संप्रेरकाच्या) गोळ्या थांबवून टीएसएच वाढू देतात किंवा त्याचे इंजेक्शन देतात, ते याचसाठी. उलट, शरीरात आयोडीनचा पूर आला की ग्रंथी स्वतःच वाहक कमी करते. म्हणून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे द्रव्य) देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर उपचार काही आठवडे लांबवावे लागतात आणि आधी आठवडा-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार पाळावा लागतो. रुग्णांना हे पथ्य उगाचच वाटते. कारण समजावून सांगितले तर बहुधा वाटणार नाही.

कर्करोगात बिघाड दोन पातळ्यांवर होतो. पेशीला वाढीचे संदेश देणाऱ्या बीआरएएफ जनुकातील बदलामुळे वाहकाची निर्मितीच मंदावते, हा एक. दुसरा अधिक विचित्र आहे: वाहक दाखवणारा तपकिरी रंग दिलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर रंग पेशीच्या कडेवर रेघेसारखा दिसण्याऐवजी आतच पसरलेला दिसतो. प्रथिन तयार आहे, पण दारापर्यंत पोहोचलेले नाही. ८ दिवस अर्धायुष्य असलेले आयोडीन-१३१ अशा पेशीत शिरणार कसे? त्याचे पेशी मारणारे बीटा कण जेमतेम मिलिमीटरभर जातात, तर गामा किरणांवर प्रतिमा मिळते; म्हणजे चित्र आणि मारा दोन्ही एकाच दारावर अवलंबून आहेत.

ते दार पुन्हा उघडता येते, हे २०१३ मध्ये बीआरएएफच्या मार्गातील संदेश रोखणाऱ्या सेल्युमेटिनिब या औषधाच्या लहानशा चाचणीत दिसले: २० पैकी १२ रुग्णांत आयोडीनचे ग्रहण वाढले आणि ८ जणांना आयोडीनचा उपचार देता आला. संख्या लहान आहे, त्यामुळे ‘चमत्कार’ हा शब्द टाळलेला बरा.

आपल्या लेखकांना एक विनंती आहे. ‘स्कॅन स्वच्छ, म्हणजे आजार गेला’ असे सरसकट लिहू नये. रक्तातील थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्याच पेशी तयार करतात ते प्रथिन) वाढत असताना आयोडीन स्कॅन कोरा आला, तर पेशी उरल्या नाहीत असे नव्हे, तर उरलेल्या पेशी आयोडाइड घेत नाहीत, ही शंका आधी घ्यावी लागते आणि त्यांचा शोध मग ग्लुकोजवर आधारित पेट स्कॅनने घेतात.

आपली,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका