पहाटे साडेपाचचे आभार

ती. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही "चहा टाकते" म्हणून आत जाता आणि बाहेर येता तेव्हा विषय पाण्याच्या टाकीवर गेलेला असतो. तीनदा असं झालं, म्हणून आता हे पत्र, आणि तेही जाहीर. ज्यांच्यासमोर माझी शोभा झाली त्यांनी ते वाचावंच. शिवाय ज्यांच्या संगणकावर अशाच वेड्यावाकड्या तारखा पडल्या असतील, त्यांनाही त्यातलं काही कामी येईल. तुमचं नाव घालत नाही. गिरगावात आपल्या वाडीपुरतं तरी ते घालायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी आधी हकीकत सांगतो. आमच्या वाचनालयाची जुनी इतिवृत्तं, सभासद रजिस्टरं आणि हस्तलिखित अंक स्कॅन करायचं काम फेब्रुवारीत माझ्याकडे आलं. मानधन महिन्याला ठरलं होतं. मशीन कुणीतरी देणगी दिलेलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स प्रणाली. ऑफिस सुटल्यावर चर्नी रोडला उतरायचं, आठ वाजता वाचनालय बंद होईपर्यंत पानं उलटायची. स्कॅनरवर न मावणारी लांबरुंद रजिस्टरं खिडकीपाशी ठेवून फोनने टिपायची. ऑगस्टच्या सुरुवातीला डिस्क कटकट आवाज करायला लागली. मी धावत लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी आणली, 14 ऑगस्टच्या संध्याकाळी "सीपी मायनस आर" ही नक्कल करायची आज्ञा मारून सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. दोन दिवसांत जुनी डिस्क कायमची गेली.

सप्टेंबरच्या बैठकीत कार्यकारिणीतल्या एका सभासदांनी फायलींच्या यादीचा कागदच टेबलावर ठेवला. 2,316 पानं, सगळ्यांवर 14 ऑगस्ट. पहिलं 19:52 ला, शेवटचं 20:11 ला. "सहा महिने मानधन घेतलंत आणि काम एकोणीस मिनिटांत उरकलंत?" असं ते म्हणाले. कुणीतरी हसलं. मला काय बोलावं ते सुचेना, कारण कागद तर खराच होता.

मग मी पुरावे गोळा करायला निघालो आणि स्वतःच्या पायावर एकेक धोंडा पाडून घेतला. फोनमधली रजिस्टरांची चित्रं केबल लावून पुन्हा मशीनवर ओढली. त्या सगळ्यांवर 1 जानेवारी 1970, पहाटे 5:30. म्हणजे माझ्या जन्माआधीच मी कामाला लागलो होतो, तेही झुंजुमुंजू असताना! ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या 38 मुलाखती रेकॉर्डरच्या कार्डावरून पुन्हा काढल्या. दुपारी चार वाजता घेतलेली मुलाखत रात्री 9:30 ची दिसायला लागली. आठला बंद होणारं वाचनालय रात्री साडेनऊला कुणी उघडलं, याची चौकशी त्यातून सुरू झाली.

तुमच्या दारात आलो तेव्हा माझी ही अशी अवस्था होती. तुम्ही एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागातून निवृत्त झालात एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही शेंगा सोलत होतात. कागद हातात घेऊन तुम्ही मला उलटंच विचारलंत, "अरे, पण ही तारीख लिहिली कुणी?"

मला प्रश्नच कळला नाही. तारीख काय, संगणक टाकतो. तुम्ही म्हणालात, संगणक म्हणजे कोण? आणि मग शेंगांच्या टरफलांच्या बाजूला लॅपटॉप ठेवून "स्टॅट" ही फायलीची नोंद दाखवणारी आज्ञा चालवून दाखवलंत. एका फायलीला एक नाही, चार वेळा होत्या. शेवटची वाचली कधी, आतला मजकूर शेवटचा बदलला कधी, फायलीची नोंद बदलली कधी, आणि या डिस्कवर ती जन्मली कधी. यादीत दिसते ती दुसरी, एमटाइम. साध्या सीपीला जुन्या तारखेशी देणंघेणं नसतं, ते नवी फाईल बनवून त्या क्षणाची वेळ टाकतं. "एक अक्षर राहिलं तुझं," तुम्ही म्हणालात. "पी. प्रिझर्व्हमधला." सीपी मायनस पी मारलं असतं, तर एमटाइम जुनाच उतरला असता.

बैठकीतल्या त्या सभासदांचा भाचा कॉम्प्युटर शिकलेला आहे आणि त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की सीटाइममधला, म्हणजे चारांतल्या तिसऱ्या वेळेतला, सी म्हणजे क्रिएशन. तो 14 ऑगस्ट म्हणतोय, मग फाईल त्याच दिवशी तयार झाली. यावर तुम्ही जे हसलात ते मला पुढे बैठकीत फार उपयोगी पडलं. तो सी चेंजचा. फायलीचं नाव, मालकी, परवानगी यांतलं काही हललं तरी तो बदलतो. तुम्ही तिथल्या तिथे एका फायलीची नुसती परवानगी बदललीत आणि सीटाइम त्या मिनिटाचा झाला. मजकुराला हातही लावला नव्हता.

पहाटे साडेपाचचं कोडं मात्र मला आजही लोकांना सांगावंसं वाटतं. युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या घराण्याच्या, पोटात तारीख नसतेच, नुसते सेकंद असतात, 1 जानेवारी 1970 च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून मोजलेले. फोनमधून केबलने येताना वाटेत तारीख गळली आणि रकान्यात शून्य राहिलं. शून्य सेकंद म्हणजे ग्रिनिचची मध्यरात्र, आणि त्या क्षणी मुंबईत पहाटेचे साडेपाच. म्हणजे ती वेळ नव्हतीच, रिकामा रकाना होता. मी म्हणालो, मग लंडनला बरोबर बारा दिसत असतील. तुम्ही काही न बोलता लंडनच्या भाचीला फोन लावलात आणि तिच्याकडून "डेट" आज्ञेला शून्य देववलंत. ती म्हणाली, "एक वाजलाय, मावशी." ब्रिटनने 1968 ते 1971 घड्याळं बाराही महिने एक तास पुढे ठेवली होती, म्हणून. माझा चेहरा बघून तुम्ही जी खूश झालात, तेवढं तुम्हाला नंतर मानधन मंजूर झाल्यावरही बघितलं नाही.

मुलाखतींचं गूढ तुम्ही सेकंदांवरून पकडलंत. यादीवर बोट फिरवत म्हणालात, "सेकंद वाच." 14, 08, 52, 36, 20. "एक तरी विषम दिसतो का?" 38 पैकी एकही नव्हता. रेकॉर्डरच्या कार्डावर फॅट पद्धतीची मांडणी असते आणि ती बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने लिहिते, म्हणून सगळे सम. तीच पद्धत वेळ लिहिताना देश कुठला ते लिहीत नाही. भिंतीवरच्या घड्याळासारखं, चार म्हणजे चार. आमच्या मशीनच्या सेटिंगने ते चार ग्रिनिचचे धरले आणि वर साडेपाच तास चढवून रात्रीचे साडेनऊ केले. सेटिंग बदलून कार्ड पुन्हा लावलं, आजींची मुलाखत दुपारी चारला परत आली.

आता मुख्य उपकार. मी तुम्हाला म्हणालो होतो, "टच" आज्ञेने हवी ती तारीख टाकता येते ना, मग फेब्रुवारी ते जुलै अशा टाकून देऊ. मला साधारण आठवतंय कधी काय केलं ते. तुम्ही लॅपटॉप मिटलात. रागावला नाहीत, पण म्हणालात, "मग त्यांचा कागद आणि तुझा कागद यात फरक काय राहिला?"

मी गप्प. थोड्या वेळाने तुम्हीच विचारलंत, डिस्क जाण्याआधी यातलं काही कुणाला दिलं होतंस का? आणि मला स्मरणिकेचा छापखाना आठवला. 9 जूनला त्यांच्यासाठी तोवरच्या सगळ्या पानांचं टार, म्हणजे सगळ्या फायलींचं एकच गाठोडं, बांधून पेनड्राइव्हवर दिलं होतं. तो पेनड्राइव्ह त्यांच्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता. टारच्या आत प्रत्येक फायलीच्या माथ्यावर तिचा एमटाइम लिहिलेला असतो आणि गाठोडं न सोडता नुसती यादी वाचता येते. "टार मायनस टीव्हीएफ" मारलंत आणि फेब्रुवारी सरकत वर आला. 11 फेब्रुवारी, 18:47. 18:49. 18:52. मध्ये सतरा मिनिटं काहीच नाही. वीज गेली होती तो दिवस, मला आठवला. काकू, त्या सतरा मिनिटांच्या भोकाने मला जेवढा धीर आला तेवढा बाकीच्या सगळ्या यादीने मिळून आला नाही.

त्यातही तुम्ही नाव बघून तारीख दिली नाहीत. दोन्हीकडच्या फायलींचे चेकसम, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेले आकडे, काढायला लावलेत. आतलं अक्षरन् अक्षर सारखं असेल तरच दोन चेकसम जुळतात, मग तारीख कुठलीही असो. 1,702 पैकी 1,699 जुळले. उरलेली तीन पानं मी नंतर सरळ कापली होती, त्यामुळे ती आता वेगळ्या फायली. फोनने टिपलेल्या 573 चित्रांच्या पोटात कॅमेऱ्याने वेळ लिहून ठेवली होती, ती फायलीबाहेरच्या तारखेसारखी नकलेत पुसत नाही. जूननंतर स्कॅनरवर काढलेल्या 41 पानांच्या आत मात्र काहीच नव्हतं. ती 41 आणि माझी तीन, अशा 44 पानांना तुम्ही तारीख दिली नाहीत. मी फार गळ घातली. वेगळा फोल्डर काढलात, नाव "तारीख माहीत नाही".

बाकीच्यांवर टच चालवलंत, तेही नकलेवर. दुसऱ्या दिवशी मी घाबरून फोन केला की फेब्रुवारी-मार्चच्या फायलींची वेळच गायब आहे, नुसतं वर्ष दिसतंय. सहा महिन्यांहून जुन्या फायलींना "एलएस मायनस एल" ही यादीची आज्ञा वेळेऐवजी वर्ष दाखवते, हे तुम्ही पाऊण मिनिटात सांगितलंत आणि पुढची पंधरा मिनिटं टाकीविषयी बोललात. टच सीटाइमला हात लावू शकत नाही, म्हणून तिथे आपण काम केलं त्या दिवसाची तारीख राहिली. मला ते खटकत होतं. तुम्ही म्हणालात, "राहू दे, तो आपला पंचनामा आहे."

आणि ते रजिस्टरचं. सांगू की नको? सांगतोच. तुमच्या नकळत मी 1905 च्या इतिवृत्ताच्या स्कॅनला 1905 चीच तारीख द्यायला गेलो, छान दिसेल म्हणून. पानावर सभेची वेळ सायंकाळी 5 होती, तीही घातली. स्टॅटने वेळ बरोबर दाखवली, पण शेजारी ग्रिनिचपासूनचा फरक +0530, म्हणजे साडेपाच तास, याच्या जागी +0521 आला. तुम्हाला दाखवलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. भारताची प्रमाणवेळ 1906 च्या 1 जानेवारीपासूनची. त्याआधीची म्हणून संगणकाच्या तक्त्यात मद्रासची वेळ भरलेली आहे, जी रेल्वे वापरायची. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या वेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि प्रमाणवेळ आल्यावरही या शहराने ती कित्येक वर्षं हट्टाने चालवली. पण तक्त्यात मुंबईची नोंदच नाही. "गिरगावच्या सभेला मद्रासचं घड्याळ लावलंस," तुम्ही म्हणालात. मग मी 1898 चं रजिस्टर घेतलं. ते तर 14 डिसेंबर 1901, पहाटे 2:07:02 वर जाऊन अडकलं. त्याच्यामागे ही डिस्क मोजतच नाही. तेव्हा तुम्ही मला बसवून सांगितलंत, की फायलीची तारीख फायलीची असते, कागदाची नव्हे. कागदाची तारीख सूचीत लिही, आणि "मुंबई टाइम" असं लिहिलेलं असेल तर तेही तसंच उतरव. त्या आठवड्यात सूचीला एक रकाना वाढला.

बैठकीचं फार लिहीत नाही. तुम्ही आलात, मागच्या खुर्चीत बसलात, एकच वाक्य बोललात. मानधन मंजूर झालं. सभासदांनी माफी मागितली नाही, पण भाच्याला तुमच्याकडे शिकायला पाठवू का, असं मला विचारलं. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकू, मनापासून आभार. शेंगांच्या त्या संध्याकाळचे, लंडनच्या फोनचे, आणि लॅपटॉप मिटलात त्याचे सगळ्यात जास्त.

आपला,
समोरच्या इमारतीतला

ता. क. 44 मधलं एक पान काल मोठं करून बघितलं. स्कॅनरचं झाकण नीट बसलं नव्हतं, म्हणून कडेला त्या खोलीतल्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरचं एक फाडलेलं पान सोबत आलंय. मी खूण म्हणून रजिस्टरात घातलं असणार. त्यावर जुलैची 9 तारीख आहे. पण आपल्याकडे ते कॅलेंडर तीन-तीन दिवस कुणी फाडत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. फोल्डर बदलू, की राहू दे तिथेच? शनिवारी चारला वाचनालयात आहे.